नवरदेव लुटणारा कप्तान

पिंपळघाटात समुद्र कुणी पाहिलेला नाही. चंपतनेही नाही. तरी त्या गावाला एक कप्तान होता, आणि त्याच्याच तोंडून ऐकलंत तर असा लुटारू सात समुद्रांत दुसरा झाला नसता. उजव्या डोळ्यावर लाल फडकं, कानात बाळी, हातात डोंग्याचं जुनं वल्हं. पैनगंगेवरच्या पुलाच्या अलीकडे राजकुमारची चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर हा सकाळपासून बसलेला. पूल ओलांडून आलेला एखादा नवा माणूस बाकावर टेकला की कप्तान खाकरायचा, आणि टपरीवरची जुनी मंडळी सरसावून बसायची.

आता त्याच्या गोष्टींत खरं काहीच नव्हतं असं नाही. चंपतने लूट केली होती. पण ती नवरदेवांची.

पूल व्हायच्या आधी तिथल्या डोहात चंपतच्या घरचा डोंगा चालायचा. पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा; सोयरिकी काही सरकारला विचारून होत नाहीत. पलीकडची पोर अलीकडे यायची, अलीकडची पलीकडे जायची आणि वऱ्हाड डोंग्यातून उतरायचं. भर वैशाखातही डोहात पुरुषभर पाणी असे. डोंगा मधल्या धारेत आला की डोंगेवाल्याने वल्हं वर उचलायचं आणि नवरदेवाला अडवायचं, असा रिवाज होता. नवरदेवाने एक नारळ द्यायचा, नवरीने नाव घ्यायचं, मग डोंगा हलायचा.

चंपतच्या बापाने हे काम आयुष्यभर लाजत उरकलं, जणू भीक मागतोय. चंपतने त्याचा खेळ केला. वल्हं नवरदेवाच्या छातीला लावून तो गरजायचा, "या पान्यावर हुकूम कोनाचा? नारळ काढ, नाई तं नवरी आमच्याकडं!" करवल्या किंचाळायच्या, म्हाताऱ्या हसून हसून पदर तोंडात कोंबायच्या. एका वरातीतला पुण्याकडे शिकणारा कुणी पोरगा ओरडला, "अरे, हा तर समुद्री लुटारूंचा कप्तान!" ते नाव चिकटलं ते कायमचं.

जगाने त्या माणसाला मान दिला तो तेवढ्या मधल्या धारेत. काठावर उतरला की तो पुन्हा नुसता चंपत. ना शेत ना शिवार. डोंग्याच्या कामाबद्दल दोन्ही काठांची घरं सुगीला ज्वारी घालायची, तीही देणाऱ्याच्या मर्जीने. बाकी दिवस दुसऱ्याच्या कापसात मजुरी. पण पाण्यावर पाटलाच्या जावयालाही त्याच्यापुढे हात जोडून नारळ काढावा लागे. एवढी चव जिभेला लागली की माणूस ती सोडत नाही.

मग पूल झाला. वऱ्हाडं गाड्यांतून हॉर्न वाजवत जाऊ लागली. डोंगा काठावर उपडा पडला, उन्हाने तडकला, आणि एका पावसाळ्यात सरपण मिळेना तेव्हा चंपतच्या बायकोने, बयनाबाईने, त्याच्या फळ्या चुलीत घातल्या. वल्हं तेवढं त्याने तिच्या हातून हिसकून घेतलं.

लुटायला नवरदेव उरले नाहीत, तसा चंपतने लुटीचा माल बदलला. नारळाच्या जागी दारूच्या पेट्या आल्या, मग सागवानाचे ओंडके आले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढणारा असा की समोरच्याने पोट भरून उठावं. डोंगा चालता होता त्या काळात एकदा खरे दारूवाले तो मागायला घरी आले होते, तेव्हा हा कप्तान मागच्या दाराने निघून तलमडुगूला बहिणीकडे जाऊन बसला, आणि बयनाबाईचा निरोप जाईपर्यंत परतला नाही. ही गोष्ट टपरीवर कधी निघाली नाही.

त्याची सगळ्यात पक्की श्रोती घरातच होती. पूनम, उतारवयात झालेली एकुलती एक पोर. ती बापाच्या मांडीवर बसून मगरीची गोष्ट ऐकायची. डोहातल्या मगरीने बापाचा डोळा कसा नेला, आणि बापाने तिच्या जबड्यात वल्हं कसं अडकवलं. चौथीत असताना करण नावाच्या पोराने "तुझा बाप थापाड्या" म्हटलं, तर तिने दप्तर घालून त्याचं डोकं फोडलं होतं. मास्तरांनी बोलावलं, तेव्हा चंपत छाती काढून शाळेत गेला होता. पोर कुणाची आहे!

ही पोर पोलिसात जायचं म्हणून बसली. लुटारूच्या घरात शिपाई, यावर टपरीने महिनाभर करमणूक करून घेतली. पूनमने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उजाडायच्या वेळी ती पुलावर धावायला जायची, दिवसभर आईसोबत कापूस वेचायची, आणि उरल्या वेळात अभ्यास. धावण्यात पास झाली, लेखी परीक्षेत पास झाली. राहिली होती फक्त चालचलनाची तहकीकात. तेवढी पार पडली की नोकरी. नाही पडली तर पुन्हा कमरेला कापसाची ओटी, आणि ती एकदा बांधली की सुटत नाही, हे तिने आईकडे बघून ओळखलं होतं.

अशात एका दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस टपरीवर आला. निळा शर्ट, साधी चप्पल, बोलणं तेलुगू वळणाचं, बाजारातल्या हिंदीत मराठी मिसळलेलं. राजकुमार दूध आणायला गेला होता. बाकावर चंपत एकटाच.

"वो पूनम का घर कौनसा? घरवाले कैसे हैं? लडकी कैसी है? कुछ झगडा-लफडा तो नाही ना घरात?"

आता सांगा, आपल्याकडे असं कोण विचारतं? मुलीचं नाव माहीत, आणि घरी न जाता आधी गावात हळूच चौकशी. नवऱ्या मुलाकडचे लोक असाच एखादा माणूस पाठवतात. चंपतला वाटलं, पोरीला स्थळ आलं. आणि त्याच्या डोक्यात दुसरा विचार आला तो असा, की बिनशेताच्या मजुराची पोर म्हणून नेतील, तर जन्मभर तिला तसंच वागवतील. बाप दमदार आहे हे एकदा कळलं, तर सासरी कुणी बोट लावणार नाही. वाईट विचार नव्हता. पण आयुष्यभर ज्याला एकच हत्यार ठाऊक, तो दुसरं काय उपसणार?

चंपत खाकरला. "पूनमचा बाप मीच. कप्तान म्हंतेत मले. या पान्यावर माह्या हुकमाबगर मासोळी बी शेपूट हालवत नोती. तिकडची दारू इकडे, इकडचं सागवान तिकडे, समदं माह्या डोंग्यातून. ओंडके पान्याखालून बांधून नेल्ले. वरून डोंगा रिकामा. पोलिस काठावर उभे, मी त्याइले रामराम घालून पुढं!"

माणसाने चहा नसल्याने पाणी घेतलं आणि मान हलवली. ऐकणारा चांगला मिळाला की चंपतला पूर यायचा.

"आन माह्या सवयी इचारान तं," तो म्हणाला. कुणी विचारल्या नव्हत्या. "झोपतो मी एक डोळा उघडा ठिवून. पाठ कोनाले दाखवत नाई, म्हनून या खांबाले टेकून बसतो. इधवेचा आन बाळंतिनीचा डोंगा म्या कदी अडवला नाई, बाकी कोनाच्या बापाले सोडलं नाई. मासोळी खातो, पन आपल्या डोहातली नाई. तिनं माह्ये समदे धंदे पाह्यले हायेत."

"और ये आँख?"

इतकी वर्षं तो डोळा मगरीने नेला होता. पण व्याह्याच्या माणसापुढे मगर जरा कमी वाटली. चंपतने लाल फडक्यावर बोट टेकवलं. "पोलिसाची गोळी. मधल्या धारेत. त्याइचे दोन पान्यात गेले, माहा एक डोळा गेला."

माणूस हसला नाही. तिथंच ओळखायला हवं होतं, कारण या जागी सगळे हसायचे. "बढ़िया," एवढंच म्हणून तो उठला.

चंपत घरी गेला तो उड्या मारतच. "पोरीले स्थळ आलं वं," तो बयनाबाईला म्हणाला. "असं दनकावून सांगतलं का समोरचा गपगार!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या आठवड्यात पूनमला आदिलाबादच्या कचेरीतून बोलावणं आलं. ती परत आली तेव्हा चंपत अंगणात बाज विणत होता. ती समोर उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं.

"बाबा, तुमी कोनाले काय सांगतलं? तो मानूस पोलिसाचा होता. त्यानं लेहलं, बाप तस्करी करते, पोलिसावर हात उचलला. माह्यं नाव थांबवलं त्यायनं."

चंपतच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"खरं सांगा," पूनम म्हणाली, "तुमी दारू नेली का नाई? मी लहानपनापासून ऐकून राह्यली. मले खरंच मायीत नाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, हे त्याला लागलं. ती खरोखर विचारत होती. जगात एक माणूस असं होतं ज्याला वाटत होतं, नेलीही असेल.

"नाई," चंपत म्हणाला.

"आन डोळा?"

तो सुतळी ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकटा आदिलाबादला गेला. कचेरीत साहेबापुढे उभा राहिला. ज्या तोंडाने पोलिसांना पाण्यात बुडवलं होतं, त्याच तोंडाने तो म्हणाला, "साहेब, म्या खोटं बोललो. म्या कायी केलं नाई."

साहेब कंटाळलेला होता. "तब झूठ बोला, या अब झूठ बोल रहा है?"

शेवटी साहेबानेच तोड काढली. परवा त्या बाजूला दौरा आहे, गावातली चार भली माणसं पंच म्हणून बसव. त्यांनी बयान दिलं की हा माणूस खोटारडा आहे, तर कागद दुरुस्त होईल.

लोक पंच बोलावतात ते आपल्या चांगुलपणाच्या साक्षीसाठी. चंपत सरपंच भगवानरावांच्या दारी गेला तो आपल्या खोटेपणाची साक्ष मागायला. भगवानरावांनी ऐकून घेतलं, "मी जमवतो मानसं, जा तू," म्हणाले आणि आत वळले. घरी येताना चंपतला वाईट वाटत होतं ते गावाचं. केवढा धक्का बसेल लोकांना! इतकी वर्षं ज्याच्याकडे बघून छाती फुगवली, तो कप्तान आता भर चावडीत म्हणणार, मी कुणीच नव्हतो. त्याने मनात वाक्यंही जुळवून ठेवली. मले माफ करा, तुमचा इस्वास मोडला.

ती वाक्यं लागलीच नाहीत.

पंचायतीच्या ओट्यावर साहेब खुर्चीत, शेजारी निळ्या शर्टाचा माणूस कागद घेऊन. खाली सतरंजीवर पंच. बयनाबाई आणि पूनम भिंतीला टेकून उभ्या. अर्धं गाव बघायला आलेलं. चंपत मधोमध.

पहिला राजकुमार उठला. "साहेब, हा मानूस जल्मात खरं बोलला असन तं माहा चहा सोडीन मी."

गाव हसलं. चंपतही सवयीने हसला, मग त्याला कळलं की आज ते दुसरंच हसू आहे.

"तुला कधीपासून माहीत?" साहेबाने विचारलं.

"कदीपासून म्हंजे? समद्यायले मायीत हाय. लेकराइले बी."

"मग ऐकता कशाला?"

"टाइम जाते साहेब," राजकुमार म्हणाला. "आन याच्या गोष्टीपायी गिऱ्हाईक बसते, दुसरा चहा घेते. मी याले फुकट पाजतो ना चहा, तो उगाच नाई पाजत."

भगवानरावांनी तलमडुगूची गोष्ट सांगितली. चंपतला वाटायचं ती बयनाबाईशिवाय कुणाला ठाऊक नाही. भगवानराव म्हणाले, दारूवाले आले म्हणून हा बहिणीच्या कोठीत ज्वारीच्या पोत्यामागं लपला होता. बहिणीच्या दिरानेच गावभर केलं होतं. म्हातारी सखूबाई या गावात डोंग्यातूनच नवरी होऊन आलेली. ती म्हणाली, "वल्हं लावलं याने माह्या मालकाच्या छातीले, पन हात याचेच कापत होते बाप्पा. माह्ये मालकच म्हनले, देऊन टाका गरिबाले नारळ."

गरिबाला. चंपतने मान खाली घातली. मधल्या धारेत, त्याच्या राज्यात, ते लोक त्याला नारळ देत होते तो हुकूम म्हणून नव्हे. सगळे खेळत होते, आणि खेळ आहे हे विसरलेला तो एकटाच होता. गावाला धक्का बसायचा राहिला; बसला तो त्यालाच.

साहेबालाही आता हसू येत होतं. पण कागदावर एक गोष्ट उरली होती. "डोळ्याचं काय? पोलिसाची गोळी लिहिली आहे. ते कोण सांगणार?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. हे खरंच कुणाला माहीत नव्हतं. साहेबाने चंपतला फडकं सोडायला सांगितलं. त्याची बोटं गाठीशी अडखळली, तेव्हा बयनाबाई पुढे आली आणि तिने गाठ सोडली. पांढरी पडलेली, चेपलेली खाच साऱ्या गावाने पाहिली.

"गोळी नाई आन मगर नाई," बयनाबाई म्हणाली. ती चंपतकडे न बघता साहेबाकडे बघत होती. "आमचं नवं लगन झाल्तं. नदीपल्याड दुसऱ्याच्या वावरात कापसाची पऱ्हाटी उपटाले गेल्तो दोघं. वाळलेलं खुटाड डोळ्यात घुसलं. हा रडला साहेब, लेकरासारखा. वावराचा मालक म्हने, पयले हातातली ओळ पुरी करा मंग जा दवाखान्यात. ओळ पुरी केली आमी."

या वेळी कुणी हसलं नाही. निळ्या शर्टाच्या माणसाने लिहून घेतलं, पंचांनी अंगठे-सह्या केल्या, आणि पूनमची अडकलेली नोकरी त्या कागदाने मोकळी झाली.

घरी जाताना बापलेक बरोबर चालत होते. बयनाबाई पुढे निघून गेली होती. फडकं चंपतच्या मुठीत होतं. त्याला वाटत होतं पोरीने काहीतरी बोलावं, भांडावं तरी. नाल्यापाशी आल्यावर ती बोलली.

"चौथीत म्या करणचं डोकं फोडलं होतं."

"हो."

"तो खरं बोलत होता, बाबा."

बस, एवढंच. गावाला हसायला थापा पुरल्या, राजकुमारचा चहा खपला, आणि या सगळ्याचं मोल भरलं ते या एका पोरीने.

ती ट्रेनिंगला निघाली त्या दिवशी तो लवकर उठला. पूल ओलांडून येणारी बस टपरीपाशी थांबते, तिथून ती आदिलाबादला जाणार. चंपतने दुकानातून एक नारळ आणला होता आणि गुपचूप तिच्या पिशवीत कपड्यांखाली घातला होता. मनात एक वेडा बेत होता. बस सुटताना वल्हं घेऊन आडवं व्हायचं, एकदाच. म्हणायचं, नारळ काढ, नाई तं गाडी इथंच. ती म्हणेल नाही माझ्याकडे, मग हा म्हणेल पिशवीत बघ, आणि मग ती हसेल. नवरदेव काय, पोलिसालाही लुटला म्हणायचं मग, आणि ते खोटं नसेल.

पूनम आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली, बसमध्ये चढून खिडकीशी बसली. चंपत वल्हं घेऊन बससमोर उभा राहिला. वल्हं वर उचललं. डायव्हरने हॉर्न दाबला. आतली माणसं वाकून बघू लागली. चंपतने तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्याला शब्द आठवेनात.

"बाबा, बाजूले व्हा ना," खिडकीतून पूनम म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

तो बाजूला झाला. खिडकीपाशी आला. तिने पिशवी चाचपली, कपड्यांखालून नारळ काढला आणि बाहेर धरला. "हा तुमीच टाकला ना? घ्या. कायले वझं." तिने तो रागाने दिला नाही. कामाची माणसं नको असलेली वस्तू परत करतात तसा दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला. बस गेली.

तो नारळ घेऊनच बाकावर बसला. फडकं न बांधताच. थोड्या वेळाने पलीकडून कापसाचा ट्रक आला. डायव्हर चहाला उतरला, नवाच होता. चंपतशेजारी टेकला, त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "काका, डोळ्याले काय झालं हो?"

टपरीवरची जुनी मंडळी सरसावली. राजकुमारने दुसऱ्या चहाचं आधण आधीच चढवलं.

"पऱ्हाटीचं खुटाड लागलं," चंपत म्हणाला.

"असं का," डायव्हर म्हणाला. त्याने एका घोटात कप संपवला आणि ट्रककडे निघून गेला.